जरा मोठ्यानं विचार करा

आमच्या घरात विचार ही गुपचूप करायची गोष्ट आहे. बाबा बँकेत होते. महिनाअखेरीला ते घरखर्चाची वही घेऊन बसले की आई पंखासुद्धा एक नंबरवर आणायची. ओठ मिटलेले, नजर वहीत, आणि बऱ्याच वेळानं एकदम निकाल बाहेर पडायचा, “दूधवाल्यानं बावीस रुपये जास्त लावलेत.” बावीस कुठून आले, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. शाळेत गणिताच्या बाई याहून कडक. गणित सोडवताना नुसते ओठ हलले तरी त्यांची पट्टी बाकावर वाजे, “पुटपुटू नकोस, डोकं चालव.” ओठ आणि डोकं एकाच वेळी चालू शकत नाहीत, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि माझ्या बाबतीत तो खराच होता.

अशा वळणात वाढलेल्या माणसाला चाळिशीच्या उंबरठ्यावर एक ईमेल येतो. सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी फोनवरून मुलाखत, वेळ पंचेचाळीस मिनिटं, सोबत उमेदवारासाठी सूचना. पहिलीच सूचना ठळक अक्षरांत: थिंक आउट लाउड. मोठ्यानं विचार करा. खाली समजावलेलं होतं की उत्तर बरोबर आलं की नाही यापेक्षा तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. फोनवर मुलाखतकाराला तुमचा चेहरा दिसत नाही, तेव्हा डोक्यात काय चाललंय ते सतत सांगत राहा.

नोकरी का बदलायची होती ते सांगत बसत नाही. मी हिंजवडीला जातो, एवढं पुरे.

हा ईमेल ज्या रिक्रूटर बाईंनी पाठवला त्यांचा आधी फोन येऊन गेला होता. रिक्रूटरचा पहिला प्रश्न, “सर, राइट टाइम टु टॉक?” हा नेहमी तुम्ही बॉसच्या समोर बसलेले असतानाच येतो. मग एका श्वासात तीन चौकशा: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड. पहिल्या दोहोंवर त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्याला मी “नव्वद दिवस” म्हणालो आणि पलीकडून असा सुस्कारा आला की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं. “बायआउट होईल का सर? आम्हाला पंधरा दिवसांत जॉइन होणारं कोणीतरी हवंय.” मी विचारलं, तुमच्याकडे नोटीस किती दिवसांची आहे? “नव्वद,” त्या म्हणाल्या. आपला माणूस नव्वद दिवस सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा पंधरा दिवसांत उचलून आणायचा, या तत्त्वावर हा सगळा धंदा उभा आहे. तो चालतो कसा, हे कोणी मोठ्यानं विचार करून मला सांगितलं तर बरं होईल.

तयारी सुरू झाली. ज्यांना या क्षेत्राचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथे मुलाखतीत तुम्ही गेली बारा-पंधरा वर्षं ऑफिसात काय केलं याला फारसं विचारत नाहीत. विचारतात कोडी. ती लीटकोड नावाच्या संकेतस्थळावर क्रमांकानं रांगेत लावून ठेवलेली आहेत, आणि मुरलेली मंडळी त्यांची नावंसुद्धा घेत नाहीत. “मला १४६ विचारलं रे,” एवढंच म्हणायचं, की ऐकणारा हळहळतो. १४६ म्हणजे एलआरयू कॅश. २०० म्हणजे नकाशातली बेटं मोजणं. ४२ नंबरचं कोडं असं: कमी-जास्त उंचीच्या भिंती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, पाऊस पडला तर मधे किती पाणी साचेल? हे मी जुलैत, सिंहगड रस्त्यावरच्या घरात सोडवत होतो. उत्तर प्रोग्रॅमच्या आधी खिडकीतून दिसत होतं.

शिवाय गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ नावाचं जाडजूड पुस्तक आहे. सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न, उत्तरांसकट. उमेदवार हे पुस्तक वाचून उत्तरं देतात, आणि मुलाखतकारही कधीकाळी उमेदवार होते, त्यामुळे तेही हेच वाचून प्रश्न विचारतात. पाठ्यपुस्तक एक, परीक्षक आणि विद्यार्थी दोघांकडे, आणि मधे ते कोणी पाहिलेलंच नाही असा दोघांचा आव.

या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे मॅक्स हॉवेल. त्यानं होमब्रू नावाचं साधन लिहिलं. मॅक वापरणाऱ्या प्रोग्रॅमरच्या कॉम्प्युटरवर ते हटकून सापडतं. २०१५ साली तो गूगलमध्ये मुलाखतीला गेला आणि नाकारला गेला. मग त्यानं वैतागून ट्विटरवर लिहिलं की तुमचे बहुतेक इंजिनिअर मी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात, पण मला फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून मी बाहेर. ही गोष्ट मी धीर यावा म्हणून घरात सांगितली. बाबांनी विचारलं, “हे झाड दिसतं कसं?” मी कागदावर काढून दाखवलं. मूळ वर, फांद्या खाली. बाबांना गीतेचा पंधरावा अध्याय पाठ आहे. कागद निरखून पाहत ते म्हणाले, “हे आधीच उलटं आहे. आता आणखी काय उलटं करायचंय?” उलटं म्हणजे इथे डावं-उजवं अदलाबदल, हे मी सांगेपर्यंत त्यांचा या क्षेत्रावरचा विश्वास उडालेला होता.

तरीही सराव मुलाखत घ्यायला तेच पुढे आले. लुंगी बदलून पँट घातली, खुर्ची टेबलामागे ओढली आणि मला दार वाजवून आत यायला लावलं. “आपल्या जिल्ह्यातलं प्रमुख पीक कोणतं?” हा त्यांना बँकेच्या मुलाखतीत विचारलेला प्रश्न. मी म्हटलं, बाबा, तसं नसतं. थांबा, लीटकोडचं एक नंबरचं कोडं देतो, त्यावरून कळेल. यादी आहे: दोन, सात, अकरा, पंधरा. यातल्या कोणत्या दोघांची बेरीज नऊ?

“दोन आणि सात,” बाबा म्हणाले.

“हो, पण कसं काढलंत?”

“कसं म्हणजे? दिसतंय की.”

“तेच सांगायचं असतं. आधी काय बघितलंत, मग काय…”

“अरे, दोन आणि सात नऊ होतात. यात सांगण्यासारखं काय आहे?”

बाबांना त्या कंपनीनं पहिल्या फेरीतच घरी पाठवलं असतं.

खरं शिकवलं ते बायकोनं. ती खराडीला एका कंपनीत आहे आणि आठवड्यातून एक-दोन मुलाखती घेते, म्हणजे टेबलाच्या पलीकडची. तिच्या मते फोनवर एकच पाप आहे, गप्प बसणं. “समोरच्यानं प्रश्न विचारला की आधी ‘इंटरेस्टिंग क्वेश्चन’ म्हण. मग प्रश्नच स्वतःच्या शब्दांत परत सांग. मग विचार, इनपुट रिकामं असू शकतं का, त्यात ऋण आकडे येतात का. ते झालं की ब्रूट फोर्सनं कसं करता येईल ते सांग, आणि ते का करायचं नाही तेही सांग. एवढ्यात पाच-सात मिनिटं आरामात जातात.”

“आणि विचार कधी करायचा?”

“तो आधीच करून ठेवायचा असतो.”

जागेचा प्रश्न होता. आमच्या फ्लॅटमध्ये फोनला नीट रेंज फक्त ड्राय बाल्कनीत मिळते. पुण्यातल्या बिल्डरनं स्वयंपाकघराला चिकटून जी चार फुटांची पट्टी दिलेली असते आणि जिथे वॉशिंग मशीन, केरसुणी आणि कांद्याची टोपली नांदतात, ती ही जागा. नाव ड्राय, पण वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी सतत ठिबकत असतं. तिला दार आहे ही जमेची बाजू. ती डक्टमध्ये उघडते, ही दुसरी बाजू. त्या डक्टमधून तळमजल्यावर कुठल्या भाजीला कसली फोडणी पडली ते वर कळतं. वरचं खाली काय काय पोचतं, याचा मी तोवर विचार केला नव्हता. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवला, कानात इअरफोन घातले, आईला दोन वाजेपर्यंत मशीन लावू नकोस असं बजावलं आणि दार ओढून घेतलं.

फोन वेळेवर आला. आवाज तरुण, थकलेला आणि सौम्य. पहिली दोन मिनिटं “मी ऐकू येतोय का” आणि “तुम्ही ऐकू येताय का” यात गेली. भारतातली कोणतीही तांत्रिक चर्चा याशिवाय सुरू होत नाही. मग त्यानं एक लिंक पाठवली. ती उघडली की दोघांना एकच कोरी पाटी दिसते. मी लिहीन ते त्याला त्याच क्षणी दिसणार. प्रोग्रॅम चालवून बघायची सोय नाही, चुका लाल होत नाहीत, शब्द आपोआप पुरे होत नाहीत. आपण काय लिहिलं, काय खोडलं, कुठे अडलो, सगळं उघडं. त्याचा कर्सर हिरव्या रंगाचा होता. मी ओळ लिहू लागलो की तो येऊन शेजारी उभा राहायचा आणि नुसता लुकलुकायचा. काही बोलायचा नाही. परीक्षेत पर्यवेक्षक पाठीमागे येऊन थांबले की पेन कसं जड होतं, ते ज्यांना आठवतं त्यांना अधिक सांगायला नको.

पहिला प्रश्न: चढत्या क्रमानं लावलेल्या आकड्यांच्या यादीत दिलेला आकडा शोधा. बायनरी सर्च. मधला आकडा बघायचा, हवा तो मोठा असेल तर उजवा अर्धा भाग, लहान असेल तर डावा. पुन्हा त्याचा मधला.

हे दिसतं तितकं सोपं नाही, आणि त्याला इतिहास आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी नोंदवून ठेवलंय की बायनरी सर्च पहिल्यांदा छापून आला १९४६ साली, पण कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध व्हायला १९६२ साल उजाडलं. पुढे जॉन बेंटली यांनी तो व्यावसायिक प्रोग्रॅमरांच्या वर्गात लिहायला दिला, चांगले दोन तास देऊन. दहातल्या नऊ जणांच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली. बेंटलींनी स्वतःचा प्रोग्रॅम बरोबर असल्याचं पुस्तकात रीतसर सिद्ध करून दाखवलं. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की त्या सिद्ध केलेल्या प्रोग्रॅममध्येही चूक आहे, आणि त्यांनी स्वतः जावासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही तीच चूक नऊएक वर्षं कोणाच्या लक्षात न येता नांदत होती. मधली जागा काढताना दोन टोकांच्या जागांची बेरीज करून दोननं भागतात. यादी अवाढव्य असेल तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते. जावाच्या साध्या पूर्णांकात याहून मोठं काही मावत नाही, याला ओव्हरफ्लो म्हणतात. मावलं नाही की तो गप्प राहत नाही, ऋण होतो.

म्हणजे बेंटली, ब्लॉक यांच्यासारखी मातब्बर मंडळी जिथे पाय घसरून पडली, तिथून मला पंचेचाळीस मिनिटांत, कांद्याच्या टोपलीशेजारी उभं राहून, इंग्रजीत बोलत बोलत पार व्हायचं होतं. सुदैवानं मला हा इतिहास पाठ होता. आणि इथूनच नाटक सुरू झालं.

कारण पाठ असलेली गोष्ट पाठ आहे असं दाखवायचं नसतं. ती आत्ता, या क्षणी सुचते आहे असं दिसायला हवं. मी “इंटरेस्टिंग क्वेश्चन” म्हणालो. यादी रिकामी असली तर काय, ते विचारलं. एक-एक आकडा तपासत जायची पद्धत सांगितली आणि तिच्यावर नाराजी व्यक्त केली. मग “थांबा, यादी क्रमानं लावलेली आहे, नाही का?” असं म्हणालो. आवाजात हवं तेवढं नवल आलं. डावं टोक, उजवं टोक, मधला. सगळं बोलत, लिहीत, पुन्हा बोलत. हिरवा कर्सर खुश दिसला. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “यादी खूप मोठी असेल तर?” मी वाटच बघत होतो. पण लगेच उत्तर दिलं तर ते घोकलेलं आहे हे उघड होतं. म्हणून मी “हं… मोठी म्हणजे किती मोठी?” असं विचारलं, थोडं “म्हणजे… बेरीज…” असं चाचपडलो आणि मग एकदम “अरे हो! बेरीज मावणार नाही!” असा शोध लावला.

“एक्सलंट कॅच,” तो म्हणाला.

कीर्तनकार ध्रुवाचं आख्यान लावतो तेव्हा ध्रुवाला शेवटी अढळपद मिळणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, बुवांना माहीत असतं, पेटीवाल्याला तर झोपेतही माहीत असतं. तरीही सावत्र आईनं मांडीवरून उतरवलं की मनं हळहळतात आणि शेवटी टाळ्या पडतात. आम्ही दोघं तेच करत होतो. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. मला माहीत होतं की त्याला ते माहीत आहे. पण आख्यान रंगलं, आणि सगळा वेळ मी अखंड बोलत होतो. त्या वीस मिनिटांत मी एकही विचार केला नाही. माझ्या विचारपद्धतीबद्दल त्याचं मत त्या वीस मिनिटांतच सर्वोत्तम झालं असावं.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो कुठल्याच पुस्तकात नव्हता.

तो म्हणाला, आमच्याकडे ट्रक आहेत. हजारो. प्रत्येक ट्रक दर थोड्या वेळानं आपण कुठे आहोत ते कळवतो. हे निरोप क्रमानं लावून पुढच्या यंत्रणेला द्यायचे आहेत. पण काही ट्रक अशा भागात शिरतात जिथे रेंज नाही. मग त्यांचे निरोप येतच नाहीत, आणि नंतर एकदम ढीगभर येतात, उशिरा, मागच्या वेळांचे. तोवर बाकीचे वाट पाहत थांबलेले. तुम्ही काय कराल?

“इंटरेस्टिंग क्वेश्चन,” मी म्हणालो. आणि गंमत म्हणजे तो खरंच इंटरेस्टिंग होता. माझ्या डोळ्यांसमोर कसारा घाट उभा राहिला. नाशिकहून येणारा ट्रक घाटात शिरला की गप्प. मेला का? नाही. उलटला का? तसंही नाही. नुसता घाटात आहे. मग किती वेळ थांबायचं? सगळ्यांसाठी सारखंच का थांबायचं? जो रोज त्याच रस्त्यानं येतो तो साधारण किती वेळ गप्प असतो ते आपल्याला आधीच…

“हॅलो? आर यू देअर?”

मी गडबडून हो म्हणालो. तोंडात काही नव्हतं, म्हणून प्रश्नच पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगितला. तोवर कसारा घाट विरून गेला. पुन्हा इगतपुरीपासून सुरुवात. ट्रक निघाला. रस्ता माहीत आहे. रस्त्याप्रमाणे वाट पाहण्याची मुदत वेगवेगळी ठेवली तर सपाटीवरच्या ट्रकांना घाटातल्यामुळे…

“हॅलो? लाइन आहे ना?”

माणसांच्या गप्पांमध्ये एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, असं दहा भाषा तपासून २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिलंय. त्या दहांत मराठी नव्हती. असती तर सरासरी बरीच खाली आली असती, कारण आपल्याकडे समोरच्याचं संपायच्या आत सुरुवात करतात. पण मुद्दा असा, की पाचव्या हिश्श्याच्या सवयीच्या कानाला दहा सेकंदांची शांतता म्हणजे दुर्घटना वाटते. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पलीकडे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. माणूस विचार करतोय, फोन कट झालाय, की उमेदवार घाबरून बाल्कनीतून पळून गेलाय?

आणि हाच तर त्याच्या प्रश्नातला अवघड भाग होता! १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन या तिघांनी गणितानं सिद्ध केलं, की जिथे निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काही मर्यादा नाही, अशा यंत्रणेत एखादंच यंत्र बंद पडण्याची शक्यता असली तरी उरलेल्यांचं हमखास एकमत घडवणारी पद्धत असूच शकत नाही. अडचणीचं मूळ साधं आहे. गप्प झालेलं यंत्र मेलंय की नुसतं सावकाश चाललंय, हे बाहेरून ओळखता येत नाही. मग व्यवहारात काय करतात? एक मुदत ठरवतात. तेवढं थांबायचं, नाही आला निरोप तर पुढे जायचं, आणि नंतर आलाच तर दुरुस्ती म्हणून स्वीकारायला एक खिडकी उघडी ठेवायची. या मुदतीच्या रेषेला आमच्या धंद्यात वॉटरमार्क म्हणतात. मुदत छोटी ठेवली तर जिवंत माणसाला मेला ठरवाल. मोठी ठेवली तर सगळ्यांना ताटकळत ठेवाल. पलीकडचा हे सगळं माझ्यावर दर दहा सेकंदांनी प्रयोग करून दाखवत होता, आणि उत्तर मात्र मला विचारत होता.

तिसऱ्या “हॅलो”ला मी म्हणालो, “आहे, आहे. एक मिनिट विचार करतो.”

“शुअर. प्लीज थिंक आउट लाउड.”

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण मोठ्यानं बोललो की आतलं थांबत होतं आणि आतलं चालू झालं की तोंड बंद होत होतं. बाईंची पट्टी बाकावर वाजल्याचं स्पष्ट ऐकू आलं. शेवटी मी इअरफोनचा माइक तळहातानं हलकेच झाकला, डोळे मिटले, आणि त्याच्या तीन-चार हॅलोंना “हं… हं…” अशी पोच देत देत, आतल्या आत, पुन्हा पुन्हा कसारा घाट चढलो-उतरलो. मग एकदम सगळं बाहेर आलं. मुदत सगळ्यांना एकच ठेवायची नाही, रस्त्याप्रमाणे ठेवायची. ती त्या रस्त्यावरच्या जुन्या शांततांवरून काढायची. मुदत संपली की निकाल जाहीर करायचा, पण कच्चा म्हणून. उशिरा आलेल्यांनी तो दुरुस्त करायचा. आणि फार उशिरा आलेल्यांची नोंद बाजूला ठेवायची, टाकायची नाही. हिरवा कर्सर थबकला. पलीकडे कीबोर्डचा खडखडाट झाला. तो काहीतरी टिपून घेत होता.

याच सुमारास दार किलकिलं करून आईनं “मशीन लावू का?” असं खुणेनं विचारलं. दोन वाजून गेले होते.

वेळ संपत आली. “तुम्हाला मला काही विचारायचंय?” हा प्रश्न शेवटी असतोच, आणि त्यालाही पाठ केलेली उत्तरं आहेत: टीम केवढी आहे, टेक स्टॅक कोणता, तुम्हाला इथे काम करताना काय आवडतं. बायकोनं मला असे प्रश्न लिहून दिले होते. पण माझं डोकं अजून घाटात होतं. मी विचारलं, “तुमच्याकडे प्रत्यक्षात ही मुदत किती आहे?”

पलीकडे शांतता.

मी घड्याळाकडे पाहिलं. खरंतर मी थांबायला हवं होतं, कारण तो विचार करत होता हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण इतक्या हॅलोंची परतफेड करायची संधी रोज येत नाही.

“हॅलो? आर यू देअर?”

“थांबा हं जरा,” तो म्हणाला. चक्क मराठीत. मग सावरून इंग्रजीत, “सॉरी, आय वॉज थिंकिंग.” पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघं सातासमुद्रापारच्या भाषेत एकमेकांची परीक्षा घेत होतो, आणि माणूस बहुधा सोलापूरकडचा निघाला. त्यावर दोघंही काही बोललो नाही. त्यानं सांगितलं की मुदत पाच मिनिटांची आहे. पाचच का, ते माहीत नाही. ज्यानं ती ठेवली तो कंपनी सोडून गेला, आणि तेव्हापासून त्या आकड्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. जाताना त्या गृहस्थानं नव्वद दिवसांच्या नोटिशीत हे कोणाला समजावून का सांगितलं नाही, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात त्याचा पुढचा कॉल सुरू झाला.

दोन दिवसांनी रिक्रूटर बाईंचा फोन आला, अर्थातच मी बॉससमोर बसलेला असताना. पहिली फेरी पार झाली होती. “टेक्निकली खूप स्ट्राँग म्हणाले सर. फक्त एक फीडबॅक आहे. नेक्स्ट राउंडला थोडं व्होकल राहा. मधे मधे तुमचा थॉट प्रोसेस कळत नव्हता.” घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर केली. “आणखी व्होकल? त्या दिवशी मला दुपारची झोप मिळाली नाही.”

बाबांनाच ती मिळाली नव्हती असं नाही. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा मुलगा वर आला. नोकरीला लागून त्याला दोनएक वर्षं झाली असतील. हातात वही.

“दादा, त्या दिवशी ड्राय बाल्कनीत तुझाच इंटरव्ह्यू चालला होता ना? डक्टमधून सगळं येत होतं खाली. माझा पण त्याच कंपनीत आहे गुरुवारी, म्हणून लिहून घेतलं. चालेल ना?”

मी वही बघितली. बायनरी सर्च जसाच्या तसा उतरवलेला. शेजारी समासात, कंसात: “इथे दादा आश्चर्यचकित.”

“तो ओव्हरफ्लो तुला आधीच माहीत होता ना?” त्यानं आदरानं विचारलं. “भारी केलंस पण. मी दोनदा सराव करून बघितला, मला तसा ‘अरे हो’ जमत नाही.”

पुढचं पान जवळजवळ कोरं होतं. वर ‘ट्रक’ असं लिहून खाली रेघ मारलेली, मग नुसत्या हं, हं, हं अशा नोंदी, आणि तळाशी एकदम चार मुद्द्यांत अख्खं उत्तर.

“एवढंच अर्धवट राहिलंय,” तो म्हणाला. “इथे तू गप्पच बसलास, आणि डायरेक्ट उत्तरच दिलंस. मधलं काही ऐकूच आलं नाही. तेवढं एकदा परत कर ना. मी खाली जाऊन थांबतो, तू बाल्कनीतून बोल. तिथून चांगलं रेकॉर्ड होतं.”